सोवळ्यातली विद्युल्लता

९ जुलै २००७

शाळेने मला खोली दिली. जिन्याखालची, एका खिडकीची. आजवर तिथे मोडकी बाकं आणि झेंडावंदनाचा बांबू ठेवत. बाकं गेली, बांबू आहे. त्याला दुसरी जागा नाही म्हणे.

शिपाई गोपीनाथने दारावर 'ऑक्युपेशनल थेरपिस्ट' अशी पाटी ठोकता ठोकता विचारलं, "मैडम, ऑक्युपेशनल माने? बच्चों को नौकरी दिलवाइएगा?" हसू आलं, पण उत्तर नीट दिलं, कारण अर्ध्या शिक्षकांचीही तीच समजूत असणार. म्हटलं, मुलाचं काम म्हणजे पेन्सिल धरणं, डबा उघडणं, बटण लावणं, रांगेत उभं राहणं. ज्याला ते जमत नाही त्याला का जमत नाही हे शोधायचं आणि जमेल अशी वाट काढून द्यायची. तो म्हणाला, "तब तो आप माँ हुईं." म्हटलं, नाही बाबा, माँला दर महिन्याला अहवाल लिहावा लागत नाही.

नागपूर सोडून दोन वर्षं झाली. रत्नाकरची बँकेत इथे बदली झाली म्हणून आलो, आणि वर्षभरात त्याची गोरखपूरला झाली. संकठा घाटाच्या गल्लीतल्या या दोन खोल्या सोडायच्या का, यावर आम्ही महिनाभर बोललो. मग ते बोलणं तसंच राहिलं. तो दर शनिवारी येतो. म्हणजे यायचा. आता एकाआड एक. ऑडिट असतं.

मला शाळेने मार्चपर्यंत ठेवलंय. सहा मुलं आहेत. नावं उद्या घेणार.

१२ जुलै

सहातली एक चक्क आपली निघाली. विद्युल्लता टोकेकर, तिसरी, वय आठ. वडील दिनानाथ टोकेकर घाटावर श्राद्धपक्ष सांगतात, घर मंगला गौरीच्या देवळाजवळ. घरात लता, शाळेत बिजली. मी मराठीत नाव विचारलं तर तिने आधी खिडकीला सांगितलं, मग मला.

वाचते पाचवीचं. पाढे तीसपर्यंत. पण कुणी शिवलेलं सोसत नाही. प्रार्थनेला मुलं पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून चालतात, तिथे रोज रडारड. कुणाचा कोपर लागला की कानावर हात ठेवून जमिनीवर बसते. गोंद नको, खडू नको, सदऱ्याच्या कॉलरमागची पट्टी तर दाताने फाडून काढलेली. प्राचार्या मिश्रा मैडम म्हणाल्या, "सुमेधाजी, अर्धवार्षिक तक देख लीजिए. नहीं सँभली तो घर पर पढ़े." म्हणजे डिसेंबर. पाच महिने.

घरी बसवली तर ती मुलगी तीस पाढे म्हणत आयुष्य काढेल. ते मी होऊ देणार नाही. उगाच का मला नागपूरला बाई हट्टी म्हणत.

१८ जुलै

दुपारी टोकेकरांकडे गेले. चहा, चिवडा, आणि किती महिन्यांनी घरात बसून मराठी. अंबिकाबाई माझ्याहून लहान आहेत, मला ताई म्हणतात. बोलता बोलता म्हणाल्या, "मठाचा नैवेद्य आमच्याकडे असतो ना ताई, सकाळी सहापासून बारापर्यंत मी सोवळ्यात. शाळेला जाईपर्यंत लतीला कुणी शिवत नाही, ती कुणाला शिवत नाही. त्यात फार शहाणी आहे हो पोर."

माझं डोकंच फिरलं. शहाणी! आठ वर्षांच्या लेकराला रोज सकाळभर आई शिवत नाही, आणि मग ते लेकरू स्पर्शाला घाबरतं म्हणून डॉक्टरकडे खेटे घालायचे. मला काय माहीत नाही का ते? आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची. आत्याने वाढवलं. आत्या वाईट नव्हती, पण तीही दुपारपर्यंत सोवळ्यात, आणि मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर. पडून गुडघा फुटला तरी "तिथेच थांब, शिवू नकोस." हळद लांबून टाकायची.

मी स्पष्टच सांगितलं. सोवळं बंद, निदान मुलीपुरतं. रोज सकाळी एक तास मांडीवर घ्यायची, अंगावरून हात फिरवायचा, पापे घ्यायचे. अंबिकाबाई म्हणाल्या, "ती बसत नाही हो ताई." म्हटलं, बसेल. सवय नाही म्हणून बसत नाही.

येताना घाटावर थोडं थांबले. फार बरं वाटत होतं. इतक्या दिवसांनी कुणाला तरी मी काहीतरी ठासून सांगितलं.

२ ऑगस्ट

रत्नाकर आला नाही. फोनवर बोलताना मागे कुणी बाई भांडी लावत असल्याचा आवाज येत होता. मोलकरीण ठेवलेली दिसते. बरंच झालं, त्याच्या जेवणाचे हाल होत होते.

२१ ऑगस्ट

अंबिकाबाई शाळेत आल्या. हाताला ओरखडे. सोवळं मोडलं म्हणून घरात सासऱ्यांशी वाद, नैवेद्य जाऊबाईंकडे गेला, आणि लता मांडीवर घेतली की आधी लाकडासारखी ताठ होते, मग नखं मारते. परवा ओकली. "करत राहू का ताई?"

करत राहा म्हटलं. सुरुवातीला असंच होतं म्हटलं. असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय, विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. पण त्यांनी विचारलं नाही. माझ्यावर विश्वास ठेवून गेल्या.

वर्गात लता आता रांग लागण्याच्या आधीच ओरडायला लागते.

६ सप्टेंबर

आज लता चावली. रोशनी सोनकर म्हणून शेजारच्या बाकावरची मुलगी, तिने मागून येऊन हलकेच वेणी ओढली, लाडाने. मनगटावर दाताचा पुरता गोल उठला. रोशनीचे वडील विश्वेश्वरगंजच्या मंडईत भाजी विकतात. ते आले, मनगट पाहिलं, लताकडे पाहिलं, म्हणाले, "बच्ची है, डर गई होगी," आणि मुलीला घेऊन गेले. एवढ्या भल्या माणसापुढे मला उभं राहवेना.

मिश्रा मैडम भल्या नाहीत. "एक और बार, बस. फिर दिसंबर भी नहीं."

पाच महिन्यांतले दोन गेले आणि पोर होती त्याहून मागे गेली. आणि ती मागे गेली ते माझ्या औषधाने, हे कळायला आता आणखी काय हवंय?

९ सप्टेंबर, रविवार

सकाळी सात वाजता न सांगता टोकेकरांकडे गेले. माफी मागायची होती. रत्नाकर येणार नव्हताच.

नैवेद्य परत त्यांच्याकडे आला होता. अंबिकाबाईंनी परवापासून माझं ऐकणं सोडलं होतं. मला पाहून चेहरा उतरला त्यांचा. "बाहेर बसा हं ताई, मी सोवळ्यात आहे." मी बसले. उंबऱ्याबाहेर. या वयात पुन्हा.

आणि मग मी पाहिलं. लता आत होती. तीही सोवळ्यात. जाड खरखरीत धाबळी अंगाभोवती घट्ट गुंडाळलेली, सहाणेवर चंदन उगाळत होती. दोन्ही हातांनी, सगळा भार टाकून, गोल गोल. त्याआधी घाटाच्या पायऱ्यांवरून पाण्याची कळशी तिने स्वतः चढवून आणली होती, रोज आणते. स्वयंपाकघर एवढंसं, पण आई तिच्या मागून जाताना म्हणायची, "लते, डावीकडून येतेय." लता अंग चोरायची नाही, बाजूला व्हायची फक्त. एकदाही कानावर हात नाही. मधेच गुणगुणत होती. शाळेत मी तिचा गुणगुणण्याचा आवाज कधी ऐकलेला नाही.

कपाळ माझं. हे सगळं मला शिकवलेलं आहे. हलका, अचानक स्पर्श अशा मुलांना विंचवासारखा डसतो. घट्ट आवळणारा, आधी सांगून आलेला चालतो. जड काम केलं की अंग शांत होतं. परीक्षेत मी हे लिहून मार्क मिळवलेत. आणि या घरात कुणी काही न शिकता ते रोज होत होतं, आणि मी येऊन ते बंद पाडलं, कारण माझ्या आत्याने मला जवळ घेतलं नव्हतं. लताला जवळ घेणं नको होतं. मला हवं होतं.

अंबिकाबाईंना एवढं सगळं सांगितलं नाही. चुकले, एवढं सांगितलं. त्यांनी आतूनच पेढा फेकल्यासारखा माझ्या हातात टाकला.

२० सप्टेंबर

नवी व्यवस्था. प्रार्थनेआधी लता चारही वर्गांची हजेरीबुकं तिसऱ्या मजल्यावर पोचवते, दोन खेपा. वजन चांगलं आहे. मग माझ्या खोलीत भिंत ढकलते, वीस वेळा. भिंत हलली का असं रोज विचारते. मी रोज थोडी हलली म्हणते. रांगेत तिची जागा सगळ्यांत शेवटी. सदऱ्याच्या आत अंबिकाबाईंनी शिवलेली जाड, घट्ट बंडी. गीता मिस तिच्या वर्गशिक्षिका, त्यांनी बाक भिंतीकडे लावून दिलं.

दहा दिवसांत एकदाच रडली. अहवालात लिहिलं. रत्नाकरलाही फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "छान छान," आणि गॅसच्या नंबराचा कागद कुठे आहे ते विचारलं.

४ ऑक्टोबर

आज मी एकटीच मोठ्याने हसले, जिन्याखाली. लताने स्वतःच वर्गाला सांगून टाकलं, "हम सोवले में हैं. हमको छूना मत."

आणि वर्गाने मानलं! बनारसची पोरं ती. गंगेवरून ओल्या धोतराने येणाऱ्या माणसाला वाट द्यायची, हे त्यांना शिकवावं लागत नाही. सगळी बाजूला सरतात, "हटो हटो, बिजली सोवले में है." गीता मिस म्हणाल्या, आपण तीन महिने जे समजावत होतो ते हिने चार शब्दांत केलं. मी गोपीनाथलासुद्धा चहा पाजला. डिसेंबर आता काढते म्हटलं ही मुलगी.

११ ऑक्टोबर

सोनकर आले होते. या वेळी मिश्रा मैडमकडे न जाता सरळ माझ्या खोलीत. बसले नाहीत.

"मैडम, दाँत काटा तो हम कुछ नहीं बोले. बीमारी है, हम समझते हैं. लेकिन रोशनी घर आके बोली, बिजली कहती है हमको छूना मत. ये बात हमारे बाप ने बहुत सुनी है मैडम. कुएँ पर सुनी, मंदिर पर सुनी. हमारी लड़की स्कूल में न सुने, बस इतना."

मी काहीतरी म्हणाले. ती सगळ्यांनाच म्हणते, फक्त रोशनीला नाही, असं काहीतरी. ते म्हणाले, "सबको कहती होगी. लगता सबको एक जैसा नहीं है."

गेले. मी दार लावून बसले. पंडिताची मुलगी भाजीवाल्याच्या मुलीला शिवू नकोस म्हणते, आणि मी चहा वाटते. मला सुचलं कसं नाही? सुचलं नाही, कारण मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले ती दुपारी बारापर्यंत. यांचे बाप जन्मभर उभे राहिले. ही लाज कुठे ठेवावी कळत नाही.

मैडमना मी स्वतः जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, शब्द उद्याच्या उद्या बंद, नाहीतर मुलगी बंद.

१३ ऑक्टोबर

मंडईत गेले. सोनकर मुळ्याच्या जुड्या बांधत होते. म्हटलं, तो शब्द वर्गातून जाईल, आणि तो मी येऊ दिला, मुलीचा दोष नाही. ते म्हणाले, ठीक है. पिशवीत न मागता कोथिंबीर घातली. मी चार मुळे घेतले. एकटीला चार मुळे कशाला लागतात.

१५ ऑक्टोबर

लताला समजावणं सोपं नव्हतं. तिच्या लेखी सोवळं म्हणजे सुख. "शब्द वाईट आहे का मावशी?" विचारते. (मावशी कधीपासून झाले कोण जाणे.) म्हटलं, घरात नाही. बाहेर त्याने लोकांना लागतं. "कुठे लागतं?" हातावर दात उमटले होते ना रोशनीच्या, तसं आत उमटतं. तिने स्वतःचं मनगट उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाली, "मग मी काय म्हणू?"

हा प्रश्न बरोबर आहे. शब्द काढून घेतला तर दुसरं काही हातात द्यायला हवं.

१७ ऑक्टोबर

नियम सापडला. लतासाठी नाही, सगळ्या वर्गासाठी, आणि गीता मिससाठीही. कुणालाही हात लावण्याआधी विचारायचं, "रखें?" समोरच्याने "रखो" म्हटलं तर तळवा पुरता टेकवून, घट्ट, पाचपर्यंत मोजायचं. गुदगुल्या नाहीत, ओझरतं नाही. उत्तर आलं नाही तर पाच मोजून मागे फिरायचं. राग धरायचा नाही, परत तिथल्या तिथे विचारायचं नाही. गप्प राहणं म्हणजे नाही.

पोरांना हे खेळासारखं आवडलं. दुपारी जिन्यात नुसतं "रखें? रखो. एक दो तीन." गोपीनाथ म्हणतो, शाळा आहे की तबल्याचा क्लास.

१६ नोव्हेंबर

दिवाळीला रत्नाकर दोन दिवस आला. त्याची पाठ दुखते म्हणून बाहेरच्या खोलीत गादी घातली. सामानात लोकरीचा नवा स्वेटर होता, हाताने विणलेला, चांगली वीण. बाजारात हल्ली हातचे मिळतात म्हणाला. मी त्याला सगळी लताची गोष्ट सांगितली; तो वर्तमानपत्रामागून हुं हुं करत होता. जाताना रिक्षात बसल्यावर मी हात हलवला, पण तोवर तो सुट्टे शोधत होता.

शाळा उघडली. रोशनी रोज सकाळी लताच्या बाकाशी जाते आणि विचारते, "रखें?" लता काही बोलत नाही. रोशनी पाच मोजते आणि जागेवर जाते. सुट्टीआधीपासून धरून आज अशी नववी खेप. तिला कुणी सांगितलेलं नाही. मी विचारलं, तू रोज का विचारतेस? म्हणाली, "कभी तो बोलेगी."

५ डिसेंबर

लता म्हणाली, "रखो."

मी दाराशी होते. रोशनीने तळवा तिच्या पाठीवर टेकवला, नियमाप्रमाणे घट्ट. लताने डोळे मिटले, दातओठ खाल्ले, आणि दोघींनी मिळून मोजलं. पाच. मग रोशनी जागेवर गेली आणि लताने भूगोलाचं पुस्तक उघडलं. वर्गात बाकीच्यांना कळलंही नाही. मी खोलीत येऊन रडून घेतलं. बांबूखेरीज पाहायला कुणी नव्हतं.

१९ डिसेंबर

अर्धवार्षिक संपली. लताने सहाही पेपर वर्गात बसून लिहिले, सगळ्यांबरोबर. मिश्रा मैडमनी कागदावर सही केली. राहते. म्हणाल्या, "पहले जैसी नहीं रही बच्ची. और आपका वो रखें-रखो, बाकी सेक्शन में भी कर दीजिए." टोकेकर पतिपत्नी पेढे घेऊन आले. दिनानाथराव लांबून वाकून नमस्कार करत होते, मला अवघडल्यासारखं झालं. सोनकरांना पेढे गीता मिसकडून पोचवले.

रत्नाकरला फोन केला. सुट्टीत मीच गोरखपूरला येऊ का विचारलं, म्हणजे त्याची धावपळ नको. तो म्हणाला, या वेळी नको, घरात रंगकाम काढलंय. भाड्याच्या घराला हा रंग कशाला देतो कोण जाणे. त्याला नीटनेटकं लागतं पहिल्यापासून.

२० डिसेंबर

आज सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. थंडी चांगलीच पडलीय. शाळा सुटल्यावर लता हजेरीबुकांची शेवटची खेप करून खोलीत आली. भिंत ढकलली. हलली का विचारलं, मी थोडी म्हटलं. मग दप्तर न उचलता तशीच उभी राहिली, खिडकीकडे तोंड करून.

"मावशी, तुमच्यावर कुणी हात ठेवत नाही."

म्हटलं, कोण म्हणालं?

"मी बघते. गीता मिसना मुलं चिकटतात. गोपीनाथ त्याच्या मुलीला खांद्यावर घेतो. आई दुपारी बारानंतर बाबांना पाठ चेपायला सांगते. तुम्हाला कुणीच नाही. तुम्ही सोवळ्यात असता का?"

नाही गं, म्हटलं. मी कसली सोवळ्यात.

तेव्हा ती वळली. माझ्याकडे सरळ पाहिलं, जे ती करत नाही. उजवा तळवा पुढे धरला, सगळी बोटं ताठ, मी शिकवलं तसा.

"मग ठेवू?"

मला हो म्हणायचं होतं. एवढा एक शब्द. पण तोंड उघडलं तर रडूच बाहेर येईल असं वाटलं, आणि डोळे पुसायला हात उचलला तर ती घाबरेल म्हणून हातही उचलला नाही. ती मोजत होती. एक, दोन, तीन, चार. मी मान हलवली असती तरी चाललं असतं, पण तेही सुचलं नाही. पाच झाले. तिने हात खाली घेतला. राग नाही, रुसवा नाही. दप्तर उचललं, "येते मावशी" म्हणाली, दार हळू ओढून घेतलं आणि गेली.

तिचं काहीच चुकलं नाही. नियम मीच केलेला आहे.

शाळा आता आठ जानेवारीला उघडेल.